नाझी पक्षाचा उदय (वायमार जर्मनी, १९१९–१९३३)

पहिलं महायुद्ध हरल्यावर जर्मनीत जे वायमार प्रजासत्ताक उभं राहिलं, त्याच्याच निवडणुका लढवून त्यालाच संपवणाऱ्या पक्षाची ही वाटचाल. मे १९२८ मध्ये या पक्षाला २.६ टक्के मतं होती, जुलै १९३२ मध्ये ती ३७.३ टक्क्यांवर गेली आणि ३० जानेवारी १९३३ ला अडॉल्फ हिटलर चॅन्सेलर म्हणजे सरकारप्रमुख झाला. व्हर्सायचा तह, ज्यूद्वेष, हिटलरची भाषणं हे वाचकांना माहीत आहेच, ते इथे परत सांगत बसत नाही. पण दोन समज फार पसरलेत, एक म्हणजे महागाईने हैराण झालेल्या लोकांनी हिटलरला आणलं, आणि दुसरा म्हणजे तो बहुमताने निवडून आला. आकडे समोर ठेवले की दोन्ही टिकत नाहीत.

स्थापना : ५ जानेवारी १९१९ ला म्युनिकमध्ये रेल्वेच्या कारखान्यातला कामगार आंटोन ड्रेक्सलर आणि पत्रकार कार्ल हारर यांनी जर्मन कामगार पक्ष काढला. हिटलर तेव्हा सैन्यात होता, असल्या छोट्या गटांवर नजर ठेवायचं काम त्याच्याकडे होतं आणि त्यातूनच १२ सप्टेंबर १९१९ ला तो या पक्षाच्या सभेला गेला. पुढे तो स्वतःला पक्षाचा सातवा सदस्य म्हणवून घ्यायचा आणि बऱ्याच जुन्या पुस्तकांत हे तसंच उतरलंय, पण ते खरं नाही. सदस्यांची यादी मुळात ५०१ पासून सुरू केली होती (पक्ष मोठा दिसावा म्हणून), ती आडनावांच्या क्रमाने लावलेली, आणि तिच्यात ड्रेक्सलर ५२६ वर तर हिटलर ५५५ वर. म्हणजे ५५५ हा आकडा धरून तो पंचावन्नावा होता असं म्हणणंही बरोबर नाही, कारण वर्णक्रमातली जागा म्हणजे दाखल होण्याचा क्रम नव्हे. सात हा आकडा बहुधा पक्षाच्या कार्यकारिणीतल्या जागेवरून आला असावा. खुद्द ड्रेक्सलरने १९४० मध्ये हिटलरला उद्देशून एक पत्र लिहिलं, की तुझ्या कार्डावरचा ५५५ खोडून तिथे ७ घातलाय. ते पत्र पाठवलं गेलं नाही. पक्षाचं नाव बदलून राष्ट्रीय समाजवादी जर्मन कामगार पक्ष झालं ते फेब्रुवारी १९२० च्या अखेरीस. २४ फेब्रुवारीला २५ कलमी कार्यक्रम वाचला गेला ही तारीख पक्की आहे, नावाची तारीख मात्र संदर्भग्रंथांत थोडी मागेपुढे होते. जुलै १९२१ मध्ये हिटलर अध्यक्ष झाला, नोव्हेंबर १९२३ मध्ये म्युनिकला उठाव फसला, तुरुंगवास झाला आणि फेब्रुवारी १९२५ मध्ये पक्ष परत उभा केला गेला, यापुढे मतपेटीतूनच जायचं असं ठरवून.

महागाईचा मुद्दा : नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. महागाईमुळेच नाझी आले असते तर तेव्हाच यायला हवे होते. मे १९२४ मध्ये त्यांच्या आघाडीला ६.५ टक्के मतं पडली खरी, पण डिसेंबरमध्ये ती ३ टक्क्यांवर आली आणि १९२८ मध्ये आणखी खाली. पक्ष वाढला तो भाव पडत होते त्या काळात, म्हणजे १९२९ नंतर, जेव्हा कारखाने बंद पडत होते आणि १९३२ च्या सुरुवातीला नोंदलेल्या बेकारांचा आकडा ६० लाखांच्या वर गेला होता. त्यातच चॅन्सेलर हाइनरिश ब्र्यूनिंगने खर्चकपात लावली, डिसेंबर १९३१ च्या वटहुकुमाने तर पगार सरळ १९२७ च्या पातळीवर खाली आणले. १९२३ ची जखम मध्यमवर्गाच्या मनात होती आणि तिने जुन्या पक्षांवरचा विश्वास घालवला हे म्हणणं रास्त आहे, पण थेट कारण म्हणून मंदी आणि कपात यांचं पारडं जड दिसतं.

निवडणूक पद्धतीचा वाद : यावर बरंच लिहिलं गेलंय. वायमारमध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्व होतं आणि हिशोब अगदी सरळ होता, दर ६०,००० मतांना एक जागा, किमान टक्केवारीची अट नाही. देशात ३५ मोठे मतदारसंघ, तिथे उरलेली मतं शेजारच्या मतदारसंघांच्या गटात जोडायची (त्यासाठी गटातल्या एखाद्या मतदारसंघात निदान ३०,००० मतं हवीत), त्यातूनही उरली तर देशपातळीच्या यादीत, पण त्या यादीतून मिळणाऱ्या जागा खाली जिंकलेल्या जागांपेक्षा जास्त होता कामा नयेत. त्यामुळे राइशटागचा म्हणजे संसदेचा आकार मतदानाप्रमाणे बदलायचा, १९२८ मध्ये ४९१ सभासद तर जुलै १९३२ मध्ये ६०८. सुमारे ८ लाख १० हजार मतांवर नाझींना १९२८ मध्ये १२ जागा मिळाल्या. फर्डिनांड हेर्मेन्स या अभ्यासकाचं म्हणणं होतं की याच पद्धतीने लोकशाही बुडवली, कारण सर्वाधिक मतं तो विजयी अशी पद्धत असती तर १२ जागाही मिळाल्या नसत्या. १९२८ पुरतं ते पटतं. पण जुलै १९३२ मध्ये देशाच्या मोठ्या भागात पहिल्या नंबरवर नाझीच होते, आणि आपल्याकडच्यासारखी पद्धत असती तर ३७ टक्क्यांत त्यांना कदाचित स्पष्ट बहुमत मिळालं असतं, प्रमाणशीर पद्धतीत मात्र ते २३० वर अडले. म्हणून आजचे बहुतेक अभ्यासक पद्धतीला मुख्य दोषी धरत नाहीत आणि तेच योग्य वाटतं.

खेडी : पक्षाची पहिली मोठी झेप महानगरांतून आली नाही, उत्तरेकडच्या प्रोटेस्टंट खेड्यांतून आली. श्लेस्विग-होल्स्टाइन हे त्याचं ठळक उदाहरण. डुकरं आणि गुरांचे भाव पडलेले, कर्ज आणि कर थकलेले, जप्तीची नोटीस घरोघरी. २८ जानेवारी १९२८ ला त्या प्रांतात ठिकठिकाणी मिळून लाखाच्या वर शेतकरी रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बाइडेनफ्लेट गावात थकलेल्या करापोटी जप्त केलेले बैल न्यायला माणसं आली तेव्हा शेतकऱ्यांनी रस्त्यात पेंढा पेटवला, बैल बुजले आणि वळून आपापल्या गोठ्यात परत आले. काळ्या कापडावर पांढरा नांगर आणि लाल तलवार असा या चळवळीचा झेंडा होता. चळवळ नाझींची नव्हती, पुढे तिच्यातल्या काहींनी सरकारी कचेऱ्यांवर बॉम्ब टाकले आणि नेते तुरुंगात गेले, आणि मग गावात शेतकऱ्याचं ऐकून घ्यायला उरले ते नाझी. मार्च १९२९ मध्ये व्योर्डेन गावात कम्युनिस्टांशी झालेल्या मारामारीत दोन नाझी मेले तर हिटलर स्वतः अंत्यविधीला गेला, ज्या गावांत कुठला मोठा नेता फिरकत नव्हता तिथे. या प्रांतात मतं १९२८ मध्ये ४ टक्के होती, १९३० मध्ये २७, जुलै १९३२ मध्ये ५१. सबंध जर्मनीत त्या वेळी निम्म्याच्या वर गेलेला हा एकटाच मतदारसंघ.

मतदार नेमके कोण, यावर तीन पिढ्यांचे अभ्यासक भांडलेत. आधी सीमोर लिपसेटने खालचा मध्यमवर्ग म्हणजे दुकानदार, कारागीर, कारकून यांच्याकडे बोट दाखवलं, १९८२ मध्ये रिचर्ड हॅमिल्टनने दाखवलं की मोठ्या शहरांतल्या श्रीमंत वस्त्यांतही त्यांना भरपूर मतं होती, आणि युर्गेन फाल्टरने मतदारसंघांचे आकडे तपासून सांगितलं की वर्गापेक्षा धर्मपंथाचा फरक मोठा होता, कॅथलिक भागात मतं खूप कमी, प्रोटेस्टंट भागात जवळपास दुप्पट, आणि मतदारांत कामगारही थोडेथोडके नव्हते. बेकार माणसं मात्र जास्त करून कम्युनिस्टांकडे गेली. फाल्टरचं म्हणणं आज सगळ्यात भक्कम मानलं जातं, तरी गुप्त मतदानातून एकेका माणसाचं मत कळत नाही, गावाच्या आकड्यावरून अंदाज बांधावा लागतो, हे विसरून चालणार नाही.

प्रचाराला पैसा कुठून आला? उद्योगपतींनी पोसलं हे जुनं उत्तर. फ्रिट्झ टिसेनसारख्यांनी पैसे दिले हे खरंच आहे, पण हेन्री टर्नरच्या संशोधनानंतर असं दिसतं की १९३३ च्या आधी मोठा वाटा वर्गणीचा आणि सभेच्या तिकिटांचा होता. हो, सभेला तिकीट असायचं. म्हणून वक्ते लागायचे, आणि फ्रिट्झ राइनहार्टने १९२८ पासून पत्राद्वारे वक्ते तयार करायचा कोर्सच चालवला, तयार भाषण पाठ करायचं आणि विरोधकांच्या प्रश्नांची उत्तरं लिहून पाठवायची. उद्योगपतींपेक्षा माध्यमसम्राट आल्फ्रेड हुगेनबर्गने जास्त नुकसान केलं असं म्हणता येईल. १९२९ मध्ये युद्धाच्या नुकसानभरपाईच्या यंग योजनेविरुद्ध त्याने सार्वमत घडवून आणलं, ते पडलं, पण त्या निमित्ताने नाझींना प्रतिष्ठित लोकांच्या शेजारी बसायला मिळालं.

कलम ४८ : मार्च १९३० मध्ये बेकारी विम्याच्या वर्गणीवरून हेर्मान म्युलरचं आघाडी सरकार कोसळलं आणि तिथून पुढे मार्च १९३३ पर्यंत संसदेत बहुमत असलेलं सरकार आलंच नाही. राज्यघटनेच्या कलम ४८ खाली राष्ट्राध्यक्षाला वटहुकूम काढता यायचे आणि वृद्ध हिंडेनबर्गच्या सहीवर कारभार चालू लागला. १९३२ मध्ये राइशटागने सबंध वर्षात पाच कायदे केले आणि ते बसलं फक्त १३ दिवस. लोकशाही हिटलर यायच्या आधीच आतून रिकामी झाली होती, आणि ती रिकामी करणारे नाझी नव्हते. जुलै १९३२ मध्ये चॅन्सेलर फ्रांझ फॉन पापेनने प्रशिया या जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या राज्याचं निवडून आलेलं सरकार वटहुकुमाने हटवलं, त्यामुळे देशातलं सगळ्यात मोठं पोलीस दल लोकशाहीवाद्यांच्या हातून गेलं. ऑगस्टमध्ये पोटेम्पा गावात नाझींनी एका कामगाराला त्याच्या आईसमोर मारून टाकलं, पाच जणांना फाशी सुनावली गेली तर हिटलरने तार करून त्यांना जाहीर पाठिंबा दिला. फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली आणि मार्च १९३३ मध्ये ते सुटले.

नोव्हेंबर १९३२ मध्ये पक्षाची २० लाख मतं घटली, टक्केवारी ३३.१ वर आली, कर्ज झालं, आणि ग्रेगोर श्ट्रासर हा संघटनेचा मोठा नेता राजीनामा देऊन गेला. म्हणजे सत्ता मिळाली ती चढत्या काळात नाही, उतरणीवर. ४ जानेवारी १९३३ ला कोलोनमध्ये बँकर श्र्योडरच्या घरी पापेन आणि हिटलर भेटले, मग हिंडेनबर्गचं मन वळवलं गेलं. पहिल्या मंत्रिमंडळात नाझी तिघेच, हिटलर, फ्रिक आणि ग्योरिंग, आणि बाकीच्यांना वाटलं आपण याला सांभाळून घेऊ. २७ फेब्रुवारीला राइशटागची आग, दुसऱ्या दिवशी मूलभूत हक्क स्थगित, आणि दहशतीच्या सावटाखाली ५ मार्चला झालेल्या निवडणुकीतही ४३.९ टक्केच. २३ मार्चच्या सर्वाधिकार कायद्याच्या (सरकारला संसदेशिवाय कायदे करू देणाऱ्या) बाजूने ४४४ मतं पडली, विरोधात ९४, आणि ती सगळी सोशल डेमोक्रॅट सभासदांची, बाहेर आणि सभागृहातही गणवेशातले नाझी उभे असताना दिलेली. कम्युनिस्ट सभासद तेव्हा अटकेत किंवा भूमिगत होते. १४ जुलै १९३३ च्या कायद्याने नाझी सोडून दुसरा पक्ष चालवणं किंवा नवा काढणं गुन्हा ठरलं.