पुलीवरची खूण नाचते तेव्हा

मांजरसुंब्याचा घाट चढताना आमची जुनी अॅम्बेसेडर झटके खायची आणि अंबाजोगाईला घरासमोर उभी केली की मिसिंग मारत राहायची. दोनदा कार्ब्युरेटर खोलून झाला, फरक पडला नाही. शेवटी एका वयस्कर मिस्तरींनी दिवेलागणीला टायमिंग लाइट काढला, एक नंबर प्लगच्या वायरीला त्याचा चिमटा लावला आणि क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, पुलीवरच्या खाचेला खडू फासला.

प्लगमध्ये ठिणगी पडली की त्याच क्षणी हा दिवा लखलखतो. ठिणगी दर वेळी ठरल्या जागी पडत असेल, तर फिरत्या पुलीवरची खूण थांबल्यासारखी दिसते. आमची खूण पुढेमागे उड्या मारत होती. (या उजेडात पंखाही संथ फिरतोय असं वाटतं. बाही किंवा खांद्यावरचा रुमाल त्याच्याजवळ अजिबात नेऊ नये.)

एवढ्याशा नाचाने काय बिघडतं? पेट्रोलच्या वाफेला पेटून जोर धरायला साधारण 2 मिलिसेकंद लागतात. मिनिटाला 800 फेऱ्या असताना तेवढ्या वेळात क्रँक साडेनऊ अंश फिरतो, 3000 फेऱ्यांना 36 अंश. म्हणून पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी पडावी लागते, आणि वेग वाढेल तशी आणखी आधी. हे काम डिस्ट्रिब्युटरमधली (प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागातली) दोन छोटी वजनं करतात. वेगाबरोबर ती स्प्रिंग ताणत बाहेर फाकतात. स्प्रिंग सैल पडली किंवा वजनं गंजून अडकली, तरी खूण भरकटते.

मिस्तरींनी आधी डिस्ट्रिब्युटरला येणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद केलं. नाच तसाच, म्हणजे दोष तिच्या ओढीने ठिणगीची वेळ सरकवणाऱ्या पडद्याचा, डायफ्रामचा, नव्हता. मग इंजिन बंद करून पुलीच्या नटाला पाना लावला, क्रँक थोडा मागेपुढे केला. डिस्ट्रिब्युटरमधला फिरता तुकडा, रोटर, लगेच हलला, म्हणजे क्रँकची फेरी पुढे पोचवणारी टायमिंग चेनही ताठ होती. शेवटी त्यांनी रोटर काढून त्याखालचा दांडा चिमटीत धरला आणि आडवा हलवला. टक, टक. दांड्याला आधार देणारा बुश गेला होता.

सीबी पॉइंटची, म्हणजे दांडा फिरताना उघडझाप करणाऱ्या विजेच्या संपर्काची, फट जेमतेम 0.4 मिलिमीटर. पॉइंट उघडताक्षणी ठिणगी पडते. दांडाच डुलत असेल तर फट दर फेरीला बदलते, आणि डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असल्याने तिथली एका अंशाची चूक क्रँकवर दोन अंशांची होते.

नाचत्या खुणेवरच डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग (ठिणगीची वेळ) लावणारे पुष्कळ भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. झिजलेला बुश त्याने भरून येत नाही. मिस्तरींनी नवा बुश बसवला, फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीने, फट लावली आणि मगच टायमिंगला हात घातला. दिव्याखाली खडूची रेघ जागेवर उभी राहिली.