होमबिल्ट लाकडी विमानाचा लँडिंग गिअर बदलताय? आधी ‘तो’ कागद शोधा

अमेरिकेत स्वतः बांधलेल्या, ‘एक्सपेरिमेंटल’ गटातल्या विमानाला पाना लावायला मेकॅनिकचं लायसन्स लागत नाही. म्हणून लोक शनिवार-रविवारी लँडिंग गिअर (चाकं आणि त्यांचे पाय) बदलून मोकळे होतात, आणि मग कागदांवर अडकतात.

केआर-2 घ्या. स्प्रूस (एक हलकं लाकूड), फोम आणि फायबरग्लासचं विमान. मूळ आराखड्यात चाकं आत ओढून घेणारी. ती काढून कायमची बाहेर राहणारी बसवणारे पुष्कळ. काही जण शेपटीचं चाक काढून पुढे नोजव्हील लावतात. हा ‘मेजर’ बदल झाला. अमेरिकेची हवाई नियामक संस्था एफएए, तिच्या नियमांतल्या कलम 21.93 प्रमाणे वजन, तोल, मजबुती, उडण्याची लक्षणं यांवर जाणवण्याजोगा परिणाम नसेल तरच बदल ‘मायनर’. “थोडंसंच वजन वाढलंय हो” हे चालत नाही.

मोठ्या बदलांची नोंद करायचा फॉर्म 337 भरत बसू नका, तो प्रमाणित (कारखान्यात बनलेल्या) विमानांचा.

खरा घोळ ऑपरेटिंग लिमिटेशन्सचा, म्हणजे ते विमान कुठल्या अटींवर उडवायचं त्या कागदाचा. हा कागद एअरवर्दिनेस सर्टिफिकेटचाच (उडण्यायोग्यतेच्या दाखल्याचाच) भाग, विमानात असायलाच हवा. पण सेकंडहँड विमान घेणाऱ्याच्या फाइलमध्ये तो हमखास नसतो. पुढे काय करायचं ते मात्र त्यातच लिहिलेलं. जुन्या विमानांना एफएएच्या स्थानिक कार्यालयाचं (सगळे त्याला फिझ्डो म्हणतात) लेखी उत्तर आल्याशिवाय उडता येत नाही. नव्यांत चाचणीचा परिसर कळवून त्याला संमती घ्यायची असते. म्हणजे शेजारच्या हँगरमधल्या काकांचा सल्ला त्यांच्या विमानापुरता खरा! कागद हरवला असेल तर ओक्लाहोमा सिटीच्या रजिस्ट्रीतून विमानाची फाइल मागवा. त्यातही नसेल तर फिझ्डोकडे बदली प्रत मागा, आणि हे गिअरला हात लावण्याआधी करा.

दुसरी चूक 5 तासांची. नव्या लिमिटेशन्समध्ये सहसा किमान 5 तासांची चाचणी असते: ठरलेल्या परिसरात, दिवसा, व्हीएफआरमध्ये (बाहेर नजरेने पाहून उडण्याच्या नियमांनी), सोबत प्रवासी न घेता. संमतीआधी उडालेले तास यात धरत नाहीत, उलट ते उल्लंघन ठरतं.

लॉगबुकची नोंद पहिल्या चाचणी उड्डाणाच्या आधी. “चाकं बदलली, ओके” एवढंच लिहिलेलं पान मी पाहिलंय. काय काढलं, काय बसवलं, कुठल्या बोल्टने, रिकामं वजन किती, गुरुत्वमध्य कुठे, सगळं लिहा. वजन काट्यावर घ्या, जुन्या आकड्यांत बेरीज-वजाबाकी नको. तास पूर्ण झाले की विमान सर्व वेगांत नियंत्रणात राहतं आणि सुरक्षित आहे असं प्रमाणपत्र लॉगमध्येच लिहायचं; सोबत व्हीएसओ (उतरण्याच्या स्थितीतला स्टॉलचा वेग), व्हीएक्स (सर्वांत तीव्र कोनात चढण्याचा), व्हीवाय (सर्वांत जलद चढण्याचा) हे वेग आणि ते कुठल्या वजनाला व गुरुत्वमध्याला मिळाले तेही.

लाकडाबद्दल एकच सांगतो. स्पारमध्ये (पंखाच्या मुख्य आडव्या तुळईत) भोक पाडलंत तर आतून व्हार्निश लावा, बोल्टखाली स्प्रूस चेपू नये म्हणून प्लेट द्या, आणि वरचं आवरण लावण्याआधी फोटो काढून ठेवा. फिझ्डो ते मागणार नाही, पण वार्षिक कंडिशन इन्स्पेक्शन करणारा मागेल. ही तपासणी करू देणारं बिल्डरचं रिपेअरमन सर्टिफिकेट मूळ बांधणाऱ्यालाच मिळतं. विमान विकत घेतलं असेल तर सही बहुधा दुसऱ्या कुणाची लागणार, आणि तो माणूस न दिसणाऱ्या बोल्टवर सही का करेल?