फुफ्फुस आपोआप फुटलं की मार लागून? पुन्हा डायव्हिंगला जाण्याआधी हे ठरवा

काखेच्या चार बोटं खाली, दोन बरगड्यांच्या मधोमध, नखाएवढा पांढरट व्रण. छातीत नळी घातली की तो राहतोच. माझ्याबरोबर डायव्हिंग शिकलेल्या दोघा मित्रांनी, दोन वेगवेगळ्या वर्षी, सदरा वर करून मला तो दाखवला आणि दोघांचा प्रश्न अगदी एकच होता. "आता परत पाण्याखाली जाता येईल ना रे?"

दोघांच्या डिस्चार्ज कार्डावर एकच शब्द होता, न्यूमोथोरॅक्स, म्हणजे छातीत हवा शिरून बसलेलं फुफ्फुस. एक्स-रे अदलाबदल झाले असते तरी कुणाला कळलं नसतं. एकाला पाच महिन्यांनी परवानगी मिळाली. दुसऱ्याला डॉक्टर म्हणाले, स्कूबा (टाकीतली हवा घेत केलेलं डायव्हिंग) आता विसरा. त्याची तक्रार मला अजून ऐकू येते. "त्याच्या तर गाडीवरून पडून दोन बरगड्या मोडल्या. मला काहीच झालं नव्हतं, खुर्चीत बसलो होतो. मग जास्त धडधाकट कोण?"

उत्तर त्याला वाटतं त्याच्या नेमकं उलट आहे.

फुफ्फुस आणि छातीची आतली भिंत यांच्यामध्ये एक बारीकशी फट असते. तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी असतो, म्हणून फुफ्फुस फुललेलं राहतं. त्या फटीत हवा शिरली की ते आकसतं. आपण म्हणतो फुफ्फुस बसलं, हॉस्पिटलात म्हणतात लंग कोलॅप्स. नळी घालून हवा काढली की ते परत फुलतं, भोक बुजतं, माणूस घरी जातो. इथवर दोघांची गोष्ट एकच. फरक आहे तो भोक का पडलं यात.

एक सदरा खिळ्याला अडकून फाटतो. दुसरा विरून फाटतो. दोन्ही शिवता येतात आणि शिवल्यावर सारखेच दिसतात. पण पहिल्याचं कापड मजबूत आहे. दुसरा शिवणीच्या शेजारी पुन्हा फाटणार, कारण तिथलं कापडही विरलेलंच आहे.

माझा पहिला मित्र खिळ्यातला. मोडलेल्या बरगडीचं टोक फुफ्फुसात घुसलं, बाकीचं फुफ्फुस निरोगी. याला मार लागून झालेला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. गळ्याजवळच्या मोठ्या शिरेत सुई घालताना किंवा बायोप्सी करताना फुफ्फुसाला टोक लागलं तर तेही याच खात्यात. (मात्र बायोप्सी मुळात फुफ्फुसाच्या आजारासाठी केली असेल, तर तो आजार वेगळा मोजायचा.) अशा माणसाला साधारणपणे निदान तीन महिने थांबवतात, मग सीटी स्कॅन आणि फुफ्फुसाच्या क्षमतेची फुंकर मारायची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री. सीटी यासाठी की जखम भरताना एखादा कोपरा आखडून तिथे हवा अडकत नाही ना, हे बघायचं असतं. सगळं स्वच्छ निघालं तर डायव्हिंगची वाट मोकळी होऊ शकते.

दुसरा मित्र विरलेल्या कापडातला. अशा माणसाच्या फुफ्फुसाच्या शेंड्याशी बारीक, पातळ भिंतीचे हवेचे फोड असतात. त्यातला एखादा कधीही फुटतो, झोपेत, टीव्ही बघताना, बसची वाट बघताना. उंच, सडपातळ, विशी-तिशीतले पुरुष यात जास्त. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत हा धोका न ओढणाऱ्यांच्या सुमारे २२ पट असल्याचं स्टॉकहोममधल्या एका जुन्या अभ्यासात दिसलं होतं. फोड बहुधा एकाच बाजूला नसतात. एकदा असं झालेल्या तिघांपैकी साधारण एकाला ते पुन्हा होतं, बहुतेकदा पहिल्याच वर्षात. आपल्याकडे क्षयरोगाने खराब झालेलं फुफ्फुस असं बसण्याचे प्रकारही पुष्कळ. काही स्त्रियांत ते पाळीच्या दिवसांत वारंवार होतं. ही सगळी मंडळी "आपोआप"च्या बाजूला, आणि त्यांच्यासाठी डायव्हिंगचं उत्तर जवळजवळ नेहमीच नकार.

इतका कडक नकार का? जमिनीवर हेच झालं तर माणूस रिक्षात घालून हॉस्पिटलात पोचतो की.

पाण्याखाली कधी पाठीवर पडून स्वतःचेच बुडबुडे वर जाताना पाहिले असतील तर आठवून बघा. तोंडाशी सुपारीएवढा असलेला बुडबुडा वर जाता जाता फुगत जातो. समुद्रात दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. २० मीटरवर तो पृष्ठभागाच्या तिप्पट असतो आणि रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडाशी आणणारं यंत्र, त्याच दाबाची हवा देतो. तिथे फोड फुटून अर्धा लिटर हवा छातीच्या फटीत गेली, तर वर येईपर्यंत तिची दीड लिटर होते. परत फुफ्फुसात जायला तिला वाट नसते. ती फुफ्फुसाला दाबते, मग हृदयाला आणि मोठ्या शिरांना ढकलते. खाली थांबावं तर टाकी संपते, वर यावं तर हवा फुगते. शेवटचे १० मीटर सगळ्यात वाईट, कारण तेवढ्यातच ती दुप्पट होते. पाण्यात कुणी नळी घालू शकत नाही.

दुसरी शक्यता याहून वाईट आहे. फुटलेल्या जागेतून हवा रक्तात शिरली तर ती हृदयातून थेट मेंदूकडे जाते. वर आल्यावर काही मिनिटांतच माणूस बेशुद्ध पडतो किंवा त्याची एक बाजू लुळी पडते. त्याला लगेच शुद्ध ऑक्सिजन आणि मग दाबाची खोली, म्हणजे रिकम्प्रेशन चेंबर लागतो. असा चेंबर मुंबईत गाठायचा तर मालवणहून रस्त्याने पाचेकशे किलोमीटर जावं लागतं. तारकर्लीला मजेखातर डाइव्ह मारताना हा हिशेब कुणी करत नाही, पण फुफ्फुस एकदा बसलेल्याने करायलाच हवा.

सगळ्यात जास्त चूक होते ती या दोघांच्या सीमारेषेवर. माझ्या दुसऱ्या मित्राने आधी मला सांगितलं होतं की जिममध्ये जोर लावला म्हणून फुटलं. नीट विचारलं तेव्हा कळलं, जिम आदल्या दिवशी होती, कळ आली ती दुसऱ्या दिवशी ऑफिसात. तो खोटं बोलत नव्हता. काहीतरी कारण असलंच पाहिजे असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं, आणि मन मागे जाऊन ते शोधून काढतं. पण वजन उचलणं, जोरात खोकणं, शिंकणं, बाळंतपणातली कळ, बॅग खांद्यावर टाकणं, हा "मार" नव्हे. निरोगी फुफ्फुस हे सगळं रोज सोसतं. त्याने फुटलं असेल तर ते आपोआप फुटलं असंच धरायचं. मार म्हणजे मोडलेली बरगडी, घुसलेलं टोक, कुणीतरी टोचलेली सुई, ज्याची नोंद केसपेपरवर असते असं काही. स्वतःला हा प्रश्न विचारताना वकिली करू नका.

ज्यांचं फुफ्फुस डायव्हिंग करतानाच फुटलं, त्यांचं काय? इथे डॉक्टरांची मतं एक नाहीत. पण प्रश्न त्याच धाग्यावरचा आहे. घाबरून, श्वास रोखून झपकन वर आलात का? छातीभर श्वास घेऊन तो रोखला तर एक-सव्वा मीटर वर येणंही फुफ्फुस फाडायला पुरतं, म्हणून तर पहिल्या धड्यात "श्वास रोखू नका" घोकून घेतात. असं स्पष्ट कारण असेल आणि नंतरच्या तपासण्या निर्मळ असतील, तर काही डॉक्टर काही महिन्यांनी विचार करतात, काही तरीही नकोच म्हणतात. पण सावकाश, नियमाने वर येऊनही फाटलं असेल तर कापडच कच्चं आहे. त्याने पुन्हा उतरू नये.

"मग ऑपरेशन करून घेतो" असं माझा मित्र म्हणाला होता. फोड कापून, फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटवून टाकतात, मग ते बसत नाही. जमिनीवरच्या आयुष्यासाठी हे उत्तम. पण चिकटवलेलं फुफ्फुस बसत नाही, याचा अर्थ ते फुटत नाही असा नव्हे. राहिलेल्या एखाद्या फोडातून हवा रक्तात जायचा धोका उरतोच. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटी या छातीच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१० च्या सूचनांत आपोआप झालेल्या न्यूमोथोरॅक्सनंतर डायव्हिंग कायमचं टाळा असंच म्हटलं होतं. अपवाद एकच. दोन्ही बाजूंचं फुफ्फुसावरण शस्त्रक्रियेने काढलेलं असावं आणि त्यानंतरचं सीटी व फुफ्फुसक्षमता नॉर्मल असावी. केवळ डायव्हिंगच्या हौसेपायी एवढी मोठी शस्त्रक्रिया करून घ्यावी असं मला मुळीच वाटत नाही.

छातीच्या डॉक्टरांनी "आता विमानाने जाऊ शकता" म्हटलं म्हणजे डायव्हिंगलाही होकार, हा समज मी वारंवार ऐकतो. एक्स-रेमध्ये फुफ्फुस पूर्ण फुललेलं दिसल्यावर साधारण आठवड्याने विमानाला परवानगी देतात. पण विमानात अडकलेली हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगते, २० मीटरवरून वर येताना तिप्पट. म्हणून डॉक्टरांना "मी फिट आहे ना?" असं मोघम विचारू नका. दाबाखालची हवा घेत १०-२० मीटर खाली जाणार आहे, असं स्पष्ट सांगा. शक्यतो डायव्हिंगचं वैद्यक शिकलेल्याकडे जा. मुंबईत कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयाशी जोडलेली नेव्हल मेडिसिनची संस्था आहे, हे शास्त्र आपल्याकडे मुख्यतः नौदलानेच सांभाळलं. जाताना जुने एक्स-रे, सीटीची सीडी आणि मूळ केसपेपर न्या. डिस्चार्ज कार्डावरच्या एका शब्दावरून कुणालाच काही ठरवता येणार नाही.

अंदमानला काचेचं हेल्मेट घालून समुद्रतळावर चालवतात, त्याला लोक डायव्हिंग समजत नाहीत. पण हेल्मेटमध्ये वरून पंपाने येणारी हवा दाबाचीच असते, त्यामुळे टाकी पाठीवर नसली तरी नियम तोच. पृष्ठभागावर तरंगत केलेलं स्नॉर्केलिंग वेगळं. तिथे श्वास साध्या हवेचा असतो, ती फुगायचा प्रश्न येत नाही. तरी तेही डॉक्टरांना विचारून, जखम पूर्ण भरल्यावर.

राहिला फॉर्म. डायव्हिंग शाळांत वापरला जाणारा वैद्यकीय फॉर्म साधा आहे. पहिल्या पानावर दहा प्रश्न, फुफ्फुसाच्या प्रश्नाला "होय" म्हटलं की पुढच्या भागात न्यूमोथोरॅक्स नाव घेऊन विचारलेला असतो. होडी सुटायच्या घाईत कुणी सगळ्या रकान्यांत "नाही" लिहायला सांगेल. एका ठिकाणी मी ते डोळ्यांनी पाहिलंय. लिहू नका. तुमच्याबरोबर खाली जाणाऱ्या पोराला तुमच्या व्रणाची माहिती नसेल, तर वर आल्यावर तुम्ही का कोसळलात हे त्यालाही कळणार नाही, आणि चेंबरवाल्यांनाही उशिरा कळेल. छातीत मोकळी हवा असलेल्या माणसाला नळी न घालता चेंबरमध्ये घेतलं, तर दाब उतरवताना तीच हवा पुन्हा फुगते.

दुसऱ्या मित्राने गेल्या दिवाळीत आपला रेग्युलेटर पहिल्याला देऊन टाकला. मास्क, स्नॉर्केल आणि फिन्स स्वतःकडे ठेवलेत.