मार्जारमीन, तळवासी : सामायिक मत्स्यटाकीसाठी निवड (सोलापूर)

सिल्युरिफॉर्मिस गणातील म्हणजे मार्जारमीनांपैकी (कॅटफिश), तळाशी राहून मिशांनी अन्न शोधणाऱ्या माशांपैकी टेट्रा, गप्पी, मोली यांसारख्या शांत माशांबरोबर नांदतील अशा जाती निवडण्याची रीत. सोलापुरात ही निवड रंगरूपावरून करता येत नाही. उन्हाळ्यात पाणी किती तापते आणि मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो, हे आधी पाहावे लागते. ‘टाकीची घाण खाणारा मासा’ ही समजूत निराधार आहे. तळवासी माशाला तळाशी बुडणारे खाद्य स्वतंत्रपणे द्यावेच लागते.

सर्वांत योग्य गट ‘कोरी’ माशांचा. ज्या नावाचे हे लघुरूप आहे ती कोरिडोरास ही दक्षिण अमेरिकी प्रजाती (जीनस) फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यांनी १८०३ मध्ये स्थापिली. ठिपकेदार कोरीचे (पॅलिएटस) वर्णन जेनिन्स यांनी १८४२ मध्ये डार्विन यांनी जमवलेल्या नमुन्यांवरून केले. टाकीतील तिची वीण साधारण १८७० च्या दशकात पॅरिसमध्ये साधली असे मानतात. २०२४ मध्ये जनुकीय पुराव्यांवरून या मोठ्या प्रजातीची फेरमांडणी झाली. तीनुसार पॅलिएटस, पांडा व स्टर्बाय या कोरींच्या जाती हॉप्लिसोमा प्रजातीत, तर कांस्य कोरी (एनियस) ऑस्टिओगॅस्टरमध्ये जाते. ही मांडणी अधिक सयुक्तिक वाटते. व्यवहारात मात्र जुनीच नावे चालतात.

एप्रिल-मेमध्ये हवा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि घरातील टाकीचे पाणीही ३० अंश सहज ओलांडते. पॅलिएटस व पांडा थंडाव्यातले मासे असल्याने त्यांचे हाल होतात. स्टर्बाय २४ ते २८ अंशांत सुखाने राहतो, म्हणून येथे तोच श्रेयस्कर, त्याखालोखाल एनियस. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. कोरी आतड्याने हवेतील प्राणवायू घेऊ शकतात, त्यामुळे अधूनमधून पृष्ठभागी झेप घेणे स्वाभाविक. झेपा वारंवार होऊ लागल्या तर एअर पंप वाढवावा. बाष्पीभवनाने घटलेले पाणी बोअरच्या जड पाण्याने भरत राहिल्यास क्षार साचत जातात. त्यासाठी काही पाणी काढून टाकूनच नवे घालावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी घालवावे.

कोरींच्या मिशा झिजण्याच्या कारणाविषयी मतभेद आहेत. जुने लेखक धारदार खडीला दोष देतात, तर अलीकडचे तळाशी कुजणाऱ्या अन्नातील जिवाणूंना. दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. तरीही बारीक, गोल कणांची वाळूच वापरावी. एकाच जातीचे किमान सहा मासे ठेवावेत.

‘सकर’ हा मार्जारमीन काचेवरचे शेवाळ खातो म्हणून बोटभर असताना विकला जातो आणि ४० सेंमी.पेक्षा मोठा होतो. भारतात पसरलेले सकर टेरिगोप्लिक्थिस प्रजातीचे आहेत. त्यांतील पार्डालिस व डिसजंक्टिव्हस या जाती पोटावरील नक्षीवरून ओळखतात. पहिलीत सुटे ठिपके, दुसरीत जोडलेल्या नागमोडी रेषा. मधल्या नक्षीचे मासे संकरज असावेत. टाकीत मावेनासा झालेला सकर सिद्धेश्वर तलावात किंवा हिप्परग्याच्या तलावात सोडू नये. देशातील अनेक जलाशयांत तो उपद्रवी ठरला आहे. शेवाळासाठी १२ ते १५ सेंमी. वाढणारा अँसिस्ट्रस हा लहान मार्जारमीन पुरतो.

पंगास हा मार्जारमीन मीटरहून लांब होतो, त्यामुळे तो वर्ज्य. भीमेतील शिंगटा हा मार्जारमीन रात्री तोंडात मावेल तो मासा गिळतो, म्हणून तोही वर्ज्य.