टायरचे विरूपण

भार व वेग यांमुळे टायरच्या आकारात होणारा बदल. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव भाराखाली जवळजवळ वाकत नाही. हवेचा टायर मात्र वाकण्यासाठीच असतो. त्याचे जनकत्व सामान्यतः जॉन बॉइड डनलॉप (1888) यांना दिले जाते. रॉबर्ट विल्यम टॉमसन यांचे पेटंट 1845 चे असल्याने अग्रमान त्यांचा मानणे अधिक योग्य.

उभ्या गाडीत टायरचा तळ सपाट होतो व बाजूच्या भिंती फुगतात. चाकावर 350 किग्रॅ. भार आणि आत 2.1 किग्रॅ./चौ. सेंमी. दाब असल्यास टेकलेले क्षेत्र ढोबळमानाने 167 चौ. सेंमी., म्हणजे बोटांसकट पंजाएवढे भरते. टायरला शाई फासून चाक कागदावर टेकवले की हा ठसा उमटतो. भिंतींचा ताठपणाही थोडा भार पेलतो, त्यामुळे हिशेब तंतोतंत जुळत नाही.

परीघ 2 मी. धरल्यास ताशी 120 किमी. वेगाला टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला सुमारे 17 वेळा दबतो आणि सुटतो. दबताना खर्ची पडलेली सगळी ऊर्जा सुटताना परत मिळत नाही. उरलेलीची उष्णता होते. केंद्रोत्सारी प्रेरणेने तिरप्या धाग्यांच्या टायरचा व्यास जाणवण्याइतका वाढतो, पोलादी पट्ट्याच्या रेडियल (आडव्या धाग्यांच्या) टायरचा फारच थोडा.

एका क्रांतिक वेगापलीकडे ठशाच्या मागे टायरवर लाटा उठतात. टायर फिरत असला तरी त्या पाहणाऱ्याला जागच्या जागी दिसतात. म्हणून त्यांना ‘स्थिर तरंग’ म्हणतात. त्यांच्या कारणाविषयी दोन मांडण्या आढळतात. दबलेला भाग पूर्ववत होण्याआधीच पुढची फेरी भरते, ही पहिली व अधिक प्रचलित. दुसरीनुसार, ताणलेल्या टायरमधून विक्षोभ (दबण्याने बसलेला हेलकावा) ज्या वेगाने पसरतो, तो वेग टायरच्या फिरण्याने गाठला की लाटा साचतात. फेरी पुरी होण्याआधीच विरणाऱ्या लाटाही दिसतात. त्यांचा उलगडा पहिलीने होत नाही. हवा कमी असताना क्रांतिक वेग का उतरतो, हेही दुसरीने सहज कळते : दाब घटला की ताण घटतो आणि तरंगवेगही. म्हणून ती ग्राह्य वाटते. या अवस्थेत उष्णता झपाट्याने वाढून टायर थोड्याच वेळात फुटू शकतो.

टायरवरील वेगचिन्हे, म्हणजे कमाल वेग दाखवणारी अक्षरे (एस : ताशी 180, एच : 210, व्ही : 240 किमी.) योग्य हवा व भार गृहीत धरतात. समृद्धी महामार्गावरील मोटारींची 120 किमी.ची कमाल मर्यादा त्यांच्या बरीच खाली आहे. तेथे टायर फुटण्याच्या घटनांत स्थिर तरंगांपेक्षा कमी हवा, जादा भार, गोटा झालेला टायर व तापलेला रस्ता यांचा विचार आधी करावा लागतो.

बरेच दिवस उभ्या गाडीच्या टायरला पडणारा सपाटपणा वेगळा. नायलॉन धाग्यांच्या टायरात तो अधिक जाणवतो आणि काही किलोमीटर चालून टायर गरम झाला की बहुधा जातो.