व्हिक्टोरियातील पवनचक्क्यांचा परवाना आणि वणवा विझवणारी विमाने

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात पवनऊर्जा प्रकल्पासाठी नियोजन परवाना लागतो आणि त्यावरील निर्णय राज्याचे नियोजन मंत्री घेतात. सर्वप्रथम जागेची पात्रता तपासावी. राष्ट्रीय उद्याने, यारा खोरे, मॉर्निंग्टन द्वीपकल्प अशा काही भागांत या प्रकल्पांना मनाई आहे. अन्यत्र एखाद्या राहत्या घरापासून १ किलोमीटरच्या आत पवनचक्की येत असेल, तर घरमालकाची लेखी संमती अर्जाला जोडावी लागते.

वणव्यांच्या या प्रदेशात कंट्री फायर अथॉरिटी, म्हणजे सीएफए, या अग्निशमन संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे अर्जदाराने आराखडा पक्का होण्याआधीच वाचलेली बरी. पाणी टाकणारी विमाने वैमानिक डोळ्यांनी पाहून, बरेच खाली उतरून चालवतात. हवामान आणि भूप्रदेश अनुकूल असेल, तर दोन पवनचक्क्यांमध्ये किमान ३०० मीटर अंतर विमानांना वावरण्यास पुरेसे ठरते, असे ही तत्त्वे सांगतात. म्हणून प्रत्येक मनोऱ्याचे स्थान व उंची दाखवणारा नकाशा अर्जाचा कणा समजावा.

माझ्या मते पवनचक्कीपेक्षा फसवा असतो तो वारा मोजण्याचा मनोरा. पवनचक्की लांबून दिसते. हा सडपातळ खांब आणि त्याला चहूबाजूंनी ताणलेल्या तारा मात्र वैमानिकाला जवळ येईपर्यंत जाणवत नाहीत. त्याचा वरचा एक तृतीयांश भाग उठून दिसणाऱ्या आलटून-पालटून रंगीत पट्ट्यांनी रंगवावा आणि तारांना खूणगोळे लावावेत, अशी विमान सुरक्षेविषयीची राष्ट्रीय शिफारस आहे. खुणांचा हा तपशील अर्जात स्पष्ट लिहावा.

सोबत आगीच्या जोखमीचे मूल्यमापन आणि आपत्कालीन आराखडा जोडावा. अग्निशमन गाड्यांसाठी किमान ४ मीटर रुंदीचे रस्ते आणि ४५,००० लिटरची पाण्याची टाकी नकाशावर दाखवावी, कारण विमाने आली तरी जमिनीवरचे काम जवानांनाच करावे लागते.

आग जवळ आल्यास यंत्रे तत्काळ कोण आणि कशी थांबवणार, हेही आराखड्यात नमूद करावे. शक्य असेल तेथे पाती सशाच्या कानांसारखी, दोन वर आणि एक सरळ खाली, अशी थांबवणे अपेक्षित असते.