काचेवरची न दिसणारी वीण

पंचवटीतल्या एका शाळेत सातवीच्या वर्गात गोदावरीचा नकाशा चालला होता. एक मुलगी टच पॅनेलवर त्र्यंबकेश्वरपासून गंगापूर धरणापर्यंत बोटाने रेघ ओढत आली आणि थबकली. "सर, बोट टेकायच्या आधीच रेघ उमटतेय!" मागून कुणीतरी म्हणालं, बोर्ड बिघडलाय. बोर्ड ठणठणीत होता आणि मुलीचं निरीक्षण अगदी अचूक होतं.

वर्गांत आणि मीटिंग रूममध्ये बसवलेली बरीचशी मोठी पॅनेल अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड किरणांवर चालतात. चौकटीच्या दोन बाजूंना बारीक एलईडी दडवलेले असतात, टीव्हीच्या रिमोटच्या टोकाला असतो तसे. समोरच्या दोन बाजूंना तो प्रकाश टिपणारे सेन्सर. काचेच्या किंचित वरून हे किरण उभे-आडवे धावतात. बाजेची सुंभाची वीणच म्हणा ना. बोट मध्ये आलं की एक उभा आणि एक आडवा किरण अडतो. ते जिथे एकमेकांना छेदतात, तिथे बोट. म्हणजे काचेला स्पर्श व्हायची गरजच नाही, किरण अडला की पुरे.

आपल्या मोबाइलचं तसं नसतं. त्याच्या काचेखाली पारदर्शक वाहक थर असतो आणि बोटातून वीज वाहू शकते म्हणून तिथला विद्युतभार बदलतो. त्यामुळे लाकडी पट्टी मोबाइलवर फिरवली तर काहीच होत नाही. पॅनेलवर मात्र रेघ उमटते. सातपूरच्या एका कारखान्यात मशीनवरून थेट मीटिंगला आलेल्या कामगाराने सुती हातमोजा न काढताच ड्रॉइंगवरच्या चुकीच्या मापाभोवती गोल केलेला मी पाहिलाय.

ही कल्पना जुनी आहे, आणि मला आनंद याचा की ती शिक्षणातच रुजली. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो ४' या संगणकावर १९७२ मध्ये विद्यार्थी पडद्याला बोट लावून उत्तर देत. त्यावर किरणांची १६ × १६ अशी जाळी होती, म्हणजे अवघी २५६ ठिकाणं.

खरी गंमत दोन मुलं एकदम लिहायला लागली की होते. दोन उभे आणि दोन आडवे किरण अडतात, त्यांचे छेद होतात चार. बोटं दोनच, मग उरलेली दोन? त्यांना भुताचे ठिपके म्हणतात. ती ओळखायला तिरके किरणही सोडतात. खरं बोट तिरक्या किरणालाही अडवतं, भूत अडवू शकत नाही. मुलांना हे फळ्यावर चार रेघा मारून दाखवा, लगेच कळतं.

एवढं ठाऊक असलं की मेकॅनिकच्या कितीतरी फेऱ्या वाचतात. शेजारीच खडूचा फळा असेल तर धूळ चौकटीच्या खालच्या कडेवर साचते आणि किरण अडवते. मग बोट न लावताच रेघा उमटतात, नाहीतर एखादा पट्टा मुका होतो. उन्हातही अवरक्त किरण असतात, त्यामुळे चौकटीवर थेट ऊन पडलं की सेन्सर गोंधळतात. त्या वर्गातही खालचा कोपरा चालत नव्हता. सरांनी पॅनेल बंद करून खालच्या कडेवरून कोरडं मऊ फडकं फिरवलं, ते पांढरं झालं. खिडकीचा पडदा ओढला. मग त्या मुलीने रेघ गंगापूर धरणावरून पुढे रामकुंडापर्यंत नेली.